वंशावळ : कुळाचा तोरा की माणूस असल्याची नोंद?

'मूळ गाव कोणते? आडनाव काय? पूर्वज कोण?' आपल्याकडे हे प्रश्न कुणी सहज म्हणून विचारत नाही. तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतो विचारणाऱ्याला समोरच्याची जात कळलेली असते. म्हणून 'वंशावळ' हा शब्द ऐकला की आंबेडकरी माणसाच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडणे योग्यच आहे. गोत्र, प्रवर, शहाण्णव कुळे, देवक, सोयरीक हा सगळा वंशावळीचाच पसारा. कोण कोणाच्या पोटी जन्मला याच्या हिशेबावरच जातिव्यवस्था उभी आहे. मग आम्ही वंशावळीवर का लिहावे?

कारण पूर्वज शोधणारा प्रत्येक माणूस कुळाचा तोरा मिरवायला निघालेला नसतो. आपला पणजोबा या जमिनीवर खरोखर जगला होता, त्याला एक नाव होते, एवढेच सिद्ध करण्यासाठी पिढ्यान् पिढ्या झगडणारे समाज जगात आहेत. आयरिश समाज त्यांपैकी एक. आज अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही असे लोक मोठ्या संख्येने आहेत. यांतले असंख्य लोक चर्चच्या जुन्या वह्यांत, दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदींत आपले आजे-पणजे शोधत असतात. वरवर पाहता हा निवृत्त माणसांचा छंद वाटतो. पण नोंद कोण ठेवतो, कोणाची ठेवतो आणि ती कोणाच्या कुलपात राहते, हे समजून घ्यायला आयर्लंडसारखे दुसरे उदाहरण नाही.

बहुसंख्य असूनही बेदखल

आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक. राज्य इंग्रजांचे आणि राज्याचा धर्म प्रोटेस्टंट, म्हणजे 'चर्च ऑफ आयर्लंड'. १६९५ पासून पुढे तिथे जे कायदे झाले ते 'पीनल लॉज' म्हणून ओळखले जातात. कॅथलिकाने शाळा चालवायची नाही. पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा बाळगायचा नाही. १७०४ च्या कायद्याने जमीन विकत घ्यायची नाही आणि ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने खंडाने घ्यायची नाही. बाप मेला की जमिनीचे सगळ्या मुलांत तुकडे. मात्र थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला तर सगळी जमीन त्याची. १७२८ मध्ये मतदानाचा हक्कही गेला. तो परत मिळाला १७९३ मध्ये, आणि पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क १८२९ मध्ये. वर कडी म्हणजे ज्या चर्चमध्ये हे लोक पाऊल टाकत नव्हते, त्याच चर्चला त्यांनी 'टाइथ' नावाचा धर्मकर भरायचा.

हे वाचून 'म्हणजे आयरिश लोक तिकडचे दलितच' असे कुणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. आयरिश कॅथलिकाने धर्म बदलला की त्याची जमीन वाचत होती, म्हणजे त्याला एक दार उघडे होते. आपल्याकडे धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही. धार्मिक दडपशाही आणि अस्पृश्यता यांना एका तराजूत तोलणे हा दोन्हींवर अन्याय आहे. पण राज्यकर्त्यांच्या वहीत ज्याला जागा नाही त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

जे सरकारी होते तेच जळाले

आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली. तरीही १८४१ मधला आपला खापरपणजोबा जनगणनेत शोधू गेलात तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची कागदपत्रे डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' या न्यायालयांच्या आवारातील सरकारी अभिलेखागारात होती. यादवी युद्धात त्या इमारतींत तहविरोधी बंडखोर तळ ठोकून होते. २८ जून १९२२ रोजी नव्या आयरिश सरकारच्या सैन्याने तोफा डागल्या आणि ३० जूनला स्फोट व आगीत अभिलेखागार भस्मसात झाले. कागदांचे जळके तुकडे शहरभर उडत होते. अनेक शतकांचे दस्तऐवज एका दिवसात गेले. त्यानंतरच्या जनगणनांसाठी युद्धाचीही गरज पडली नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारनेच नष्ट करून टाकली होती. १८८१ आणि १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिली गेली. आज संपूर्ण देशाची म्हणून हाती आहेत त्यांतली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची, मग १९११ ची.

आता यातली खरी गंमत पाहा. चर्च ऑफ आयर्लंड हे राज्याचे चर्च. १८७१ मध्ये त्याचा सरकारी दर्जा संपला, पण त्याआधीच्या त्याच्या नोंदवह्या १८७० च्या दशकातल्या कायद्यांनी सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या. त्यामुळे अनेक पॅरिशच्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनच्या त्या अभिलेखागारात आणून ठेवल्या होत्या. १९२२ च्या आगीत त्यांतल्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या वह्या जळाल्या. आणि कॅथलिक वह्या? त्यांना सरकारने कधी दस्तऐवज मानलेच नाही. त्या खेड्यापाड्यांत पाद्र्याच्या घरच्या कपाटात, ओलीत, उंदरांच्या संगतीत पडून राहिल्या आणि म्हणूनच वाचल्या. ज्यांना राज्याने आपले मानले त्यांची नोंद राज्याच्या घरात जळाली. ज्यांना बाहेर ठेवले त्यांची बाहेरच जिवंत राहिली.

यातून कुणी 'देवाने तारले' असा अर्थ काढू नये. शोषितांचा इतिहास सरकारी दप्तराबाहेर शोधावा लागतो, एवढाच याचा अर्थ.

एका ओळीत काय काय असते

पूर्वज शोधण्याची रीत तशी सरळ आहे. आजपासून मागे जायचे. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिकेतरांच्या विवाहांची त्याआधी, १८४५ पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू आज सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. १८६४ च्या मागे गेलात की मात्र भिस्त चर्चच्या वहीवर. त्यासाठी पूर्वजाचे 'टाउनलँड' माहीत हवे. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. देशात असे साठ हजारांहून अधिक आहेत. टाउनलँडवरून पॅरिश कळतो आणि पॅरिशवरून वही.

या वह्या लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. लोक बोलत होते आयरिश, पण त्यांच्या स्वतःच्या भाषेत नोंद क्वचितच सापडते. घरात ज्याला डिअर्मुइड म्हणत, तो इंग्रजीत जेरेमाया होतो. विल्यम लॅटिनमध्ये गुलिएल्मुस होतो आणि जेम्स याकोबुस. आडनावांचेही तसेच. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात ओसलिव्हनचे नुसते सलिव्हन झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अस्मिता जागी झाल्यावर अनेकांनी तो 'ओ' परत लावला. एकच माणूस लग्नाच्या नोंदीत एका आडनावाने आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसऱ्या आडनावाने सापडतो. लिहिणाऱ्याने ऐकले तसे लिहिले. ज्याचे नाव होते त्याला बहुधा वाचता येत नव्हते. ही गोष्ट आपल्याला काही परकी नाही.

तरीही त्या एका ओळीत किती ऐवज असतो! बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, बाळाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि बहुधा तिचे माहेरचे आडनाव, धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे आणि नशीब असेल तर टाउनलँड. बाप्तिस्मा बहुधा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होत असे, त्यामुळे जन्मतारखेचा अंदाज येतो. लग्नाच्या नोंदीत वधू-वर आणि साक्षीदार. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये लागे, म्हणून पणजीचे माहेर सापडते. लेंटच्या उपासकाळात लग्ने लावत नसत, म्हणून त्याआधीच्या दिवसांत, बहुधा फेब्रुवारीत, वहीची पाने लग्नांनी भरलेली दिसतात. साक्षीदार आणि धर्ममाता-धर्मपिता हे बहुतेक वेळा भाऊ, बहीण, मेहुणे असत. चार बाळांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की सगळा गोतावळा उभा राहतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या काळातल्या ज्या इतर याद्या उरल्या आहेत त्या करवसुलीसाठी केलेल्या आहेत. १८२३ ते १८३८ दरम्यानच्या टाइथच्या वह्यांत ज्याच्याकडे जमीन कसायला होती त्याचेच नाव आहे. १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेल्या मालमत्ता मूल्यांकनात घराच्या किंवा जमिनीच्या ताबेदाराचे नाव आहे. भूमिहीन मजूर, हंगामी कामाला गावोगाव फिरणारा गडी, नवरा जिवंत असलेली बाई, लहान पोर, यांच्याकडून वसूल करण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्यांची नावेही नाहीत. त्या बाईचे नाव कुठे असेल तर फक्त तिच्या बाप्तिस्म्यात, लग्नात आणि तिच्या पोरांच्या बाप्तिस्म्यात. करवसुलीच्या यादीत मालमत्ता मोजली जाते; माणूस मोजायला वेगळी वही लागते.

आणि त्या वहीतही सगळे नव्हते. पूर्वेकडच्या सधन शहरी भागातल्या काही वह्या अठराव्या शतकाच्या मध्यापासून आहेत. पश्चिमेकडच्या दरिद्री भागात कित्येक वह्या १८२० नंतर, काही तर १८५० च्या सुमारास सुरू होतात. नेमक्या याच भागात १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ सर्वांत भयंकर होता. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५० हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदी मुळात फार थोड्या. त्यामुळे १८४० मध्ये बाप्तिस्मा झालेले एखादे पोर पुढे कुठल्याच वहीत दिसत नाही. ते मेले की जहाजात चढले, हे सांगणारा कागद नाही. सर्वांत गरीब माणूस इतिहासातून असा नाहीसा होतो. कुणी त्याचे नाव खोडावे लागत नाही, कुणी लिहिले नाही एवढेच पुरते.

शोषितांची संस्था शोषक होते तेव्हा

इथवर वाचून कॅथलिक चर्चबद्दल कुणाच्या मनात फार आदर दाटून आला असेल तर थांबा. पीनल लॉजच्या काळात याच चर्चने शोषितांना धीर दिला हे खरे. पण त्या वहीतही शिक्का होता. अविवाहित आईचे बाळ असेल तर लॅटिनमध्ये 'अनौरस' अशी नोंद होई, कित्येकदा बापाच्या नावाची जागा कोरी राही. जन्मतः कलंक लावणारा रकाना तिथेही होताच.

१९२२ नंतर राज्य आपले झाले आणि त्या राज्यात चर्चचा शब्द चालू लागला. अविवाहित मातांना 'माता-बालक गृहां'त ठेवले गेले, त्यांची मुले त्यांच्यापासून तोडून दत्तक दिली गेली. २०२१ च्या सरकारी चौकशी अहवालानुसार १९२२ ते १९९८ या काळात, तपासलेल्या १८ संस्थांत सुमारे ५६ हजार स्त्रिया आणि ५७ हजार मुले होती. त्यांतली सुमारे ९ हजार मुले दगावली. गॉल्वे परगण्यातील ट्युअम इथले गृह १९२५ ते १९६१ पर्यंत बाँ सकूर या पंथाच्या जोगिणी चालवत होत्या. तिथे मेलेल्या ७९६ बालकांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासक बाईंनी सरकारी नोंदणीतून एकेक करून मिळवल्या. मग त्या दफनभूमीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मृत्यूची नोंद आहे, दफनाची नाही. २०१४ मध्ये हे जगासमोर आले. २०१७ मध्ये त्या जागेत बालकांचे अवशेष असल्याचे चौकशी आयोगाने जाहीर केले.

कॉर्लेस बाईंनी मोठा मोर्चा काढला नाही. त्यांनी नोंद मागितली आणि दोन नोंदी शेजारी ठेवल्या. जी नोंद एका हाताने लपवली जाते तिचा पुरावा दुसऱ्या वहीत सापडतो, फक्त दोन्ही वह्या लोकांना उघड्या हव्यात. दत्तक गेलेल्या माणसांना स्वतःचा जन्मदाखला आणि आईचे नाव मिळण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा आयर्लंडमध्ये २०२२ साली झाला. सत्तरीतली माणसे आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचे नाव वाचत होती. त्यांना कुळाचा तोरा मिरवायचा होता असे म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

रक्त काही शिकवत नाही

पूर्वज शोषित होते म्हणून वंशज न्यायी होतो, या भ्रमातही राहू नये. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर हा टिपेररीचा आयरिश कॅथलिक होता. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काळ्या लोकांवर जे भीषण हल्ले झाले त्यांत आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. आणि त्याच समाजातल्या डॅनिएल ओकॉनेल यांनी, ज्यांच्या लढ्यामुळे १८२९ चा हक्क मिळाला त्यांनी, गुलामगिरीचा जाहीर धिक्कार केला आणि अमेरिकेतल्या आयरिशांना काळ्यांच्या बाजूने उभे राहायला सांगितले. दोघांचे पूर्वज एकाच प्रकारच्या वहीत सापडतील. कोणाचा वारसा घ्यायचा हे रक्त ठरवत नाही, विवेक ठरवतो. आमच्या समाजातही 'आम्ही मूळचे राजे होतो' असे सांगत फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपले पूर्वज राजे नसले तरी आपण माणूसच आहोत. समतेला राजवंशाचा दाखला लागत नाही.

आमच्या वह्या कुठे आहेत?

आयरिश वह्यांचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत आयरिश सैनिक पुष्कळ होते. मुंबई, पुणे, खडकी, अहमदनगर इथल्या छावण्यांतले त्यांचे विवाह आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डब्लिनमधला माणूस खडकीत जन्मलेली आपली पणजी तिथे शोधू शकतो. त्याच मुंबई फौजेत महार सैनिकही होते. त्यांच्या मुलांच्या जन्माची वही कोण ठेवणार होते? भीमा कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययावरून महारांची म्हणून ओळखली जातात. ती नावे दगडावर आली ती मरणामुळे. त्यांच्या बायकांची नावे कुठेच नाहीत.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळी आहेत. पण ज्यांना काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्यांची नावे त्या चोपड्यांत कोण लिहिणार? आमच्या वाट्याला आले ते कोतवाल बुक, गाव नमुना १४ आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यांत बापाचे नाव एकेरी आणि नावापुढे जात. तोच रकाना अपमानाचा आणि आज तोच हक्काचा पुरावा. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत. त्याआधीचा कागद आणा, असे अर्जदाराला सांगितले जाते. ज्याचा आजा शाळेत गेला त्याच्याकडे कागद असतो. ज्याचा आजा वेठबिगारी करत होता, पालावर जन्मला होता, त्याने तो कुठून आणायचा? पुढे आयरिश तरुणाशी तुलना करा. आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडमध्ये जन्मल्याची नोंद सापडली की परदेशात जन्मलेला नातूसुद्धा आयरिश नागरिकत्व मागू शकतो. कागद शोधायला त्याचे राज्य त्याला मदत करते.

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक वह्यांचे सूक्ष्मपट विसाव्या शतकाच्या मध्यातच काढून घेतले होते. ८ जुलै २०१५ रोजी त्यांची सुमारे पावणेचार लाख पाने फुकट खुली केली. जळालेल्या अभिलेखागारातले जे इतरत्र नकलांच्या रूपाने उरले होते ते गोळा करून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याची संगणकीय पुनर्बांधणीही लोकांसाठी खुली केली. मग आमच्या तहसील कचेरीतली कोतवाल बुके, शाळांची जुनी रजिस्टरे मोडी लिप्यंतरासह प्रत्येक नागरिकाला फुकट का दिसू नयेत? आंदोलन जोर धरते तेव्हा सरकारी यंत्रणा जुनी दप्तरे झपाट्याने उघडते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. म्हणजे अडचण तांत्रिक नाही, इच्छेची आहे. आणि जिथे कागद नाही तिथे कागद नसणे हाच वंचिततेचा पुरावा समजून गृहचौकशीला, वडीलधाऱ्यांच्या साक्षीला खरे वजन दिले पाहिजे.

राहिला प्रश्न आपला. आयरिश वहीत दोनशे वर्षांपूर्वी आईचे माहेरचे आडनाव लिहिले जात होते. आपल्याकडे सरकारी कागदांवर आईचे नाव सक्तीचे झाले ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. म्हणून सरकारची वाट न पाहता प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बुद्धविहारात एक वही सुरू करा. आजीचे नाव, तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, १९५६ साली दीक्षा कोणी घेतली, गाव कधी सोडले, हे ज्यांना आठवते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. त्या वहीत देवक नको, कूळ नको, श्रेष्ठ-कनिष्ठ काही नको. नाव, गाव, काम आणि साल पुरे. दरवर्षी त्या आठवणी घेऊन म्हातारी माणसे जात आहेत, आणि त्यांच्यामागे उघडून पाहायला कुणा पाद्र्याचे कपाटही आपल्याकडे नाही.

जय भीम!